उदाहरणातली अंडी आणि आपली मिरची

आपल्या कॉलेजात दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पोरांना कोडिंग जमत नाही, कारण पोरं डॉक्युमेंटेशन वाचत नाहीत." सर म्हणतात, लॅब असिस्टंट म्हणतात, आणि थर्ड इयरला पोचलेले आमच्यासारखे सीनियरही फर्स्ट इयरवाल्यांना हेच ऐकवतात. माझं मत जरा उलटं आहे. पोरं वाचतात. वाचून त्यातलं पहिलं उदाहरण जसंच्या तसं टाइप करतात. ते चालत नाही. मग दुसऱ्यांदा वाचायला कोण जाणार? तेव्हा दोष द्यायचाच असेल तर आधी त्या उदाहरणाला द्या, पोरांना नंतर.

हवेतलं बोलत नाही. आपल्या लॅबमधला अगदी साधा विषय घेऊ, पायथनमध्ये सीएसव्ही फाइल वाचणं. याला म्हणतात पार्सिंग. ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी सांगते. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर बायका बसून देठ खुडतात, चांगली मिरची एकीकडे, डागी एकीकडे, बी-कचरा तिसरीकडे. पार्सर तेच करतो. अक्षरांचा एक ढीग त्याच्यापुढे येतो आणि त्यातून हे नाव, ही तारीख, हा आकडा असं तो वेगळं करतो. पायथनसोबत यासाठी सीएसव्ही नावाचं मोड्यूल फुकट मिळतं, आणि त्याचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही आहे.

आता त्या पानावरचं पहिलं उदाहरण बघा. ते एग्ज डॉट सीएसव्ही नावाची फाइल उघडतं आणि ओळीमागून ओळ छापतं. खाली आउटपुट दिलंय: स्पॅम, स्पॅम, स्पॅम, स्पॅम, स्पॅम, बेक्ड बीन्स. दुसऱ्या ओळीत पुन्हा स्पॅम, लव्हली स्पॅम, वंडरफुल स्पॅम. आमच्या हॉस्टेलमधली मोलगीकडची एक ज्युनियर रात्री अकराला माझ्या खोलीत आली नि म्हणाली, "ताई, ही अंड्यांची फाइल कुठून डाउनलोड करायची?" प्रश्न अगदी बरोबर होता. फाइल कुठंच नाही! त्याच पानावर खाली गेलं की फाइल लिहायचं उदाहरण येतं, ते चालवलं की एग्ज डॉट सीएसव्ही तयार होते. म्हणजे आधी भाकरी खायला सांगितलं आणि मागाहून पीठ कसं मळायचं ते सांगितलं. वरून खाली वाचणाऱ्या शहाण्या मुलीला पहिल्याच फटक्यात "फाइल नॉट फाउंड" दिसतं, आणि तिला वाटतं, आपल्यालाच काही येत नाही. तिचं हे वाटणं मला सगळ्यात जास्त खटकतं. आश्रमशाळेतून आलेली, घरी पावरी बोलणारी मुलगी. आधीच वर्गात मागच्या बाकावर बसते. तिला अजून एक कारण कशाला द्यायचं?

बरं, हे स्पॅम काय प्रकरण आहे? १९७० मध्ये बीबीसीवर मॉन्टी पायथन नावाच्या विनोदी मंडळींनी एक प्रवेश केला होता. हॉटेलात गेलेल्या जोडप्याला जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅमच मिळतो. स्पॅम म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस. नको असलेल्या ईमेलला स्पॅम म्हणतात तेही यावरूनच. पायथन भाषेचं नावसुद्धा सापावरून नाही, या मंडळींवरून ठेवलंय, आणि उदाहरणांत त्यांचे विनोद जरूर वापरा असं पायथनचं ट्युटोरियल उघडपणे सांगतं. त्याच पानावर पुढं नावांची फाइल आहे, त्यात एरिक आयडल आणि जॉन क्लीज, म्हणजे त्याच मंडळींतले नट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी मला बरं येतं, पण मलाही यातलं काही हसण्यासारखं वाटलं नव्हतं. तेव्हा "इंग्रजी सुधारा म्हणजे कळेल" असं जे म्हणतात त्यांना माझं उत्तर एवढंच, की इथं इंग्रजी आडवं येत नाहीये.

परदेशी उदाहरण म्हणून माझा विरोध आहे असंही नाही हं. ब्यूटिफुल सूप नावाची लायब्ररी आहे, वेबपेजमधून माहिती काढायची. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधल्या तीन बहिणी आहेत, एल्सी, लेसी आणि टिली. आपल्याला त्यांचं काय? पण लेखकाने काय केलंय, सुरुवातीलाच त्या गोष्टीचं अख्खं पान कोडमध्येच देऊन टाकलंय. ते कॉपी केलं की पुढची उदाहरणं त्याच्यावरच चालतात. फाइल शोधायला नको, नेट गेलं तरी चालतं. पांडाजच्या डॉक्युमेंटेशनमध्येही बऱ्याच ठिकाणी डेटा उदाहरणाच्या पोटातच असतो. (कॉलमची नावं मात्र कॉल वन, कॉल टू. वाचणाऱ्याला त्यात कसलाही रस वाटू नये याची पूर्ण काळजी!) म्हणजे उदाहरण परकं असलं तरी चालतं, अपुरं असलं की चालत नाही.

आणि हे शिकायला लंडनकडेच बघायला हवं असंही नाही. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथं मठ काढला असं त्यात कोरलंय. म्हणजे आपल्या खानदेशातलीच गोष्ट. त्या भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. त्यात बांबूचं एक उदाहरण आहे. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. बांबू, वारा, दोन आकडे, संपलं. सातपुड्यातल्या कुठल्याही पोराला डोळ्यांसमोर दिसेल, आणि सोडवायला लागणारी प्रत्येक गोष्ट प्रश्नातच आहे. जवळजवळ नऊशे वर्षं झाली, उदाहरण अजून "चालतंय".

असो. परत त्या अंड्यांकडे येऊ, कारण खरी गंमत पुढंच आहे.

सीएसव्ही म्हणजे कॉमा सेपरेटेड व्हॅल्यूज. नावातच कॉमा आहे. पण त्या पहिल्या उदाहरणात शब्द वेगळे करायला कॉमा नाहीच, रिकामी जागा वापरलीय. आणि अवतरणचिन्हाच्या जागी उभी रेघ. असं होऊ शकतं हे दाखवायला ठीक आहे, पण पहिल्या उदाहरणात? आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या आहे १६,४८,२९५. हा आकडा कॉमांसकट फाइलमध्ये असेल तर साधा पार्सर त्याचे तीन तुकडे करतो, सोळा, अठ्ठेचाळीस आणि दोनशे पंच्याण्णव. आकडा दुहेरी अवतरणात घातला की तो एक राहतो. अवतरणचिन्ह कशासाठी असतं हे समजवायला याच्याइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही. त्यासाठी उभी रेघ आणि बेक्ड बीन्स कशाला?

आता मुख्य दुखणं. कोड मराठी अक्षरांत लिहिला की कसातरीच दिसतो, म्हणून शब्दांतच सांगते. त्या उदाहरणात फाइल उघडताना एन्कोडिंग कोणतं ते लिहिलेलंच नाही. पान बरंच खाली उतरल्यावर एका परिच्छेदात ते सांगितलंय, हे खरं. पण तिथवर कोण पोचतं? आणि न लिहिलं तर पायथन विंडोजला विचारतं. आपल्या लॅबच्या इंग्रजी विंडोजचं उत्तर असतं १२५२ नंबरचं जुनं कोष्टक, पश्चिम युरोपच्या लिपीचं. त्यात २५६ खाने, त्यातले पाच रिकामे. आपलं देवनागरी मात्र यूटीएफ-८ मध्ये साठवलेलं असतं, प्रत्येक खुणेला तीन बाइट. ते तीन बाइट त्या युरोपियन कोष्टकात एकेक करून शोधले जातात. सापडले, तर चुकीची अक्षरं छापली जातात. रिकाम्या खान्यात गेले, तर प्रोग्राम जागीच पडतो.

मी एका रविवारी बसून आपल्या तालुक्यांची नावं घालून बघितली. शहादा, तळोदा, नवापूर, धडगाव या चारही नावांना प्रोग्राम पडत नाही, पण छापतो काय, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेली इंग्रजी ए अक्षरं आणि मधूनमधून चक्क जपानी येनची खूण. नंदुरबार आणि अक्कलकुवा घातलं की मात्र धाडकन एरर. का? ह्रस्व उकाराचा तिसरा बाइट नेमका रिकाम्या खान्यात जातो. जोडाक्षर करताना पाय मोडायची जी अदृश्य खूण असते, तिचाही. ए, ऐ आणि झ यांचंही तसंच. पण दीर्घ ऊकार रिकाम्या खान्यात जात नाही, म्हणून नवापूर वाचतं आणि नंदुरबार मरतं! शाळेत मराठीच्या टीचर ह्रस्व-दीर्घाला अर्धा मार्क कापायच्या. इथं तर अख्खा प्रोग्राम जातो.

आता विचार करा, शहाद्याच्या मुलाने आपल्या गावाचं नाव घालून प्रॅक्टिकल केलं आणि नंदुरबारच्या मुलीने तिच्या. दोघांचा कोड एकच. त्याला कचरा दिसतोय, तिला एरर. दोघं एकमेकांची वही बघून डोकं खाजवणार. खरं तर फाइल उघडताना "एन्कोडिंग यूटीएफ-८" एवढे दोन शब्द लिहिले असते तर काहीच झालं नसतं. पांडाजचं सीएसव्ही वाचणारं फंक्शन न सांगताच यूटीएफ-८ धरतं. पायथननेही आता ठरवलंय की ३.१५ आवृत्तीपासून न सांगता यूटीएफ-८च धरायचं. चांगलंच आहे. पण कॉलेजच्या लॅबमध्ये नवी आवृत्ती कधी येते हे तुम्हाला माहीत आहे, मी बोलायला नको.

एक्सेलचं तर वेगळंच पुराण. त्यात साध्या कॉमावाल्या सीएसव्हीत सेव्ह केलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत, गेली ती गेलीच. यूटीएफ-८वाल्या सीएसव्हीत सेव्ह केलं तर फाइलच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण चिकटते, त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव समोर दिसत असूनही पायथन म्हणतं असा कॉलमच नाही. (त्यासाठी एन्कोडिंगच्या नावापुढं "सिग" जोडायचं. हे कळायला आमच्या ग्रुपला दोन रात्री लागल्या.) शेतजमिनीचा गट नंबर १२/१ टाइप केला तर एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं. शास्त्रज्ञांची सुटका झाली नाही तिथं आपलं काय! एक्सेल नावांच्या तारखा करतं म्हणून २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलावी लागली.

तारखेवरून आठवलं. आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आपण लिहिणार ०१/०७/१९९८. पांडाजला ही तारीख नुसती दिली की ते अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरतं, आणि आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस जातो ७ जानेवारीला. आता तिच्याखाली दुसरी तारीख लिहा, २९/०९/२०१०. त्या दिवशी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. २९ वा महिना नसतो, म्हणून जुनं पांडाज ही तारीख गुपचूप दिवस आधी धरून वाचायचं. एकाच कॉलममध्ये एक तारीख अमेरिकन, एक भारतीय, आणि एरर कुठंच नाही! २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ते पहिल्या तारखेवरून पद्धत ठरवतं आणि दुसरीला अडखळून थांबतं. थांबलेलं बरं, निदान कळतं तरी. "डे-फर्स्ट" खरं म्हणून सांगितलं की दोन्ही तारखा नीट वाचल्या जातात. पण हे शिकवणारं उदाहरण या दोन तारखांचंच हवं. एकच तारीख असलेल्या उदाहरणात हा घोळ दिसतच नाही.

आणि एक गोष्ट कौतुकाचीही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती तक्रार करते. पायथनच्या इंट फंक्शनला "१२" असे मराठी आकडे दिले तरी ते बरोबर बारा करून देतं. खरंच करून बघा. डॉक्युमेंटेशनमध्ये हे एका ओळीत लिहिलंय, उदाहरण मात्र मला कुठं दिसलं नाही. आमच्या वर्गात हे कोणालाच माहीत नव्हतं. केलेलं चांगलं कामसुद्धा उदाहरणाअभावी झाकलेलं राहतं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा उदाहरणावरून एवढं काय? गेल्या वर्षी एका यादीत आमच्या हॉस्टेलच्या दोघींची नावं प्रश्नचिन्हांत छापून आली. कुठली यादी, कोणाची, ते जाऊ द्या. एकीचं आडनाव वसावे, दुसरीचं पाडवी. देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला एक प्रश्नचिन्ह पडतं. वसावे पाच, पाडवीही पाच. म्हणजे प्रश्नचिन्हं मोजूनसुद्धा कोण कुठली ते ठरेना. दोघींनी कागद घेऊन तीन चकरा मारल्या, एसटीचं भाडं पदरचं. ती यादी बनवणाऱ्याने कुठंतरी कधीतरी कोड शिकताना पहिलं उदाहरण कॉपी केलंच असेल. त्या उदाहरणातलं कोणतंच नाव इंग्रजीबाहेरचं नसेल, तर हे असं होऊ शकतं हे त्याला सुचणार तरी कसं? आमच्यासारखीच मुलं उद्या बँकेच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या याद्या करणार आहेत.

आता "एआयला विचारा, तो कोड देतो" म्हणणारे आहेत. देतो ना. मीही विचारते. पण तोही शिकलाय याच सगळ्या उदाहरणांवरून, आणि त्याने दिलेल्या कोडमध्ये एन्कोडिंग आहे की नाही हे बघायला आधी आपल्याला एन्कोडिंग माहीत पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. या लायब्रऱ्या लोकांनी फुकट लिहून दिल्यात, त्यांना नावं ठेवणारे आपण कोण? मान्य. म्हणूनच मी नावं ठेवून थांबत नाहीये. २०१७ पासून पायथनचा कोड, डॉक्युमेंटेशनसकट, गिटहबवर आहे. कोणीही बदल सुचवू शकतं, तुम्हीसुद्धा. त्यासाठी सी भाषेतलं पायथनचं पोट उघडावं लागत नाही. एक परिच्छेद आणि पाच ओळींचं उदाहरण नीट लिहिता आलं की पुरे. आपल्याकडे ओपन सोर्स म्हटलं की पोरांना वाटतं काहीतरी भयंकर अल्गोरिदम लिहायचा असतो. आणि उदाहरण खरंच चालतं का, हे तपासायची सोय पायथनमध्ये २००१ पासून आहे, तिचं नाव डॉकटेस्ट. ते डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण चालवून बघतं आणि छापलेल्या आउटपुटशी ताडतं. जुळलं नाही तर सांगतं.

पण त्याआधी आपल्या घरचं. आपल्या लॅब मॅन्युअलमधली सीएसव्हीची प्रॅक्टिकल्स वर्षानुवर्षं झेरॉक्सची झेरॉक्स चाललीत, हे सरांनाही माहीत आहे (सर, रागावू नका). त्यात एग्ज डॉट सीएसव्हीच्या जागी एक छोटी फाइल घालावी असं मी आणि माझ्या पार्टनरने सुचवलंय. तीन कॉलम: ठिकाण, तारीख, माहिती. पहिली ओळ नंदुरबारची, ०१/०७/१९९८, आणि अवतरणात "नवा जिल्हा, लोकसंख्या १६,४८,२९५". दुसरी टेंभलीची, २९/०९/२०१०, "पहिलं आधार". बस, दोनच ओळी. ह्रस्व उकार आहे, कॉमा आहे, तारखेचा गोंधळ आहे, आकडा आहे, आणि सगळं खरं आहे. फाइल प्रोग्रामच्या आत तिहेरी अवतरणात लिहून द्यायची आणि पहिल्या चार ओळींत ती डिस्कवर उतरवायची, म्हणजे कुठून डाउनलोड करू हा प्रश्नच नको. मग एन्कोडिंग न लिहिता एकदा उघडायची, एरर बघायचा, वहीत उतरवायचा, आणि मग नीट उघडायची. एरर जर्नलमध्ये लिहायला मार्क ठेवावेत, हीही विनंती आहे.

फर्स्ट इयरच्या चौघींवर आम्ही हे करून बघितलं. मोलगीची ती ज्युनियर त्यात होतीच. तिने तिसरी ओळ स्वतःहून वाढवली, मोलगीच्या बाजाराची, आणि मग मला विचारलं, "ताई, भगर इंग्रजीत कशी लिहायची?" म्हटलं, लिहूच नकोस, भगरच लिही, चालतंय आता.

फाइल लॅबच्या खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर ठेवलीय. ज्यांना आपल्या गावाची ओळ घालायची त्यांनी घाला, फक्त वरच्या दोन ओळी पुसू नका.